अस्सल, नक्कल आणि रुजवात

येरळेच्या काठी वसलेले वडूज हे गाव नावामुळे नव्हे, तर कचेरीमुळे तालुक्याचे गाव झालेले आहे. तालुका खटाव या नावाने ओळखला जातो आणि खटाव हे गाव स्वतंत्र आहे. परंतु मामलेदार, खजिना आणि दप्तरखाना यांचे ठाणे वडुजास असल्यामुळे पंचक्रोशीतील माणसाच्या तोंडी 'वडूजला जातो' या शब्दांचा अर्थ पिढ्यान् पिढ्या 'कचेरीत जातो' असाच होत आला. १९४२ सालच्या ९ सप्टेंबरला याच कचेरीवर निघालेल्या मोर्च्यावर गोळीबार झाला, वडगावचे परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण धारातीर्थी पडले, आणि एरवी रूक्ष कागदपत्रांशीच ज्याचा संबंध यावयाचा ते ठिकाण स्वातंत्र्याच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले. तथापि या निबंधाचा विषय तो रोमहर्षक दिवस नाही. त्या कचेरीत त्याच्या आधी आणि नंतर नित्य चालत आलेली एक अगदी साधी रीत हा आहे. आणि ती रीत म्हणजे नक्कल करण्याची.

जमिनीच्या उताऱ्याची वा फेरफाराची नक्कल ज्याने कधी मागितली आहे, त्याला ठाऊक असते की त्या कागदाच्या पायाशी दोन सह्या असत. एक नक्कल करणाराची आणि दुसरी रुजवात घेणाराची. पहिल्या कारकुनाने अस्सलावरून अक्षर न् अक्षर उतरून घ्यावयाचे आणि दुसऱ्याने अस्सल व नक्कल शेजारी-शेजारी ठेवून ताडून पाहावयाचे, ही त्यातील विभागणी. आणि दुसरी सही झाल्यावाचून 'अस्सलबरहुकूम नक्कल' हा शिक्का मिळावयाचा नाही, ही त्यातील अट. ज्या कोणी ही पद्धत घालून दिली, त्याला मनुष्यस्वभावाची उत्तम पारख असली पाहिजे. उतरून घेणारा डोळा स्वतःची चूक पाहू शकत नाही आणि प्रत्येक नकलेत यत्किंचित तूट होतेच, हे त्याने गृहीतच धरलेले दिसते. आज वडुजाच्या बाजारपेठेत लग्नाच्या चित्रफिती जोडणारा तरुण संगणकाच्या पडद्याकडे पाहत 'रेंडर खराब आला', म्हणजे जोडून काढलेली अखेरची प्रत बिघडली, म्हणून कपाळाला हात लावतो, तेव्हा तो वस्तुतः याच जुन्या प्रश्नाशी झुंजत असतो. फरक इतकाच की त्याच्या व्यवसायात नक्कल करणारे यंत्र मुबलक झाले, परंतु रुजवात घेणाराची जागा रिकामीच राहिली.

नकलेचा हा इतिहास या मुलखात कचेरीहूनही जुना आहे. वडुजाजवळचे वडगाव हे जयरामस्वामींचे वडगाव म्हणून प्रसिद्ध आहे. समर्थ रामदासांसह ज्या पाच सत्पुरुषांना दासपंचायतन म्हणतात, त्यांपैकी जयरामस्वामी हे एक. आणि रामदासी परंपरेतील मठ म्हटला की तेथे बाडे आली, बाडे आली की ती उतरणारे लेखक आले. बोरूने, देशी शाईने, जाड कागदावर एकाने लिहिलेले दुसऱ्याने, दुसऱ्याचे तिसऱ्याने असे ते वाङ्मय मठामठांतून फिरले. पोथीच्या अखेरीस 'जसे पाहिले तसे लिहिले, दोष मला देऊ नये' अशा आशयाची विनवणी करण्याची लेखकांची प्रथा सर्व भारतभर होती. त्या विनवणीत नम्रता जितकी आहे तितकाच व्यवहार आहे. माझ्यापुढे जी प्रत आली तीच सदोष असेल तर माझ्या हातून निर्दोष प्रत कशी व्हावी, असा तो रोखठोक सवाल आहे.

या सवालाचे शास्त्र पुढे विद्वानांनी केले. धुळ्यास १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा काढणारे शंकर श्रीकृष्ण देव रामदासी मठ धुंडाळून बाडे गोळा करीत राहिले. आणि पुण्यास भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेतलेल्या व विष्णु सीताराम सुखटणकरांनी १९२५ पासून ज्याची धुरा वाहिली त्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत तर शेकडो हस्तलिखिते एकमेकांशी ताडण्यात आली. ते काम १९६६ साली पुरे झाले. त्यामागचे एक सूत्र असे की, एकच चूक अनेक प्रतींत आढळली तर ती त्या प्रतींच्या लेखकांची नव्हे; ती त्या सर्वांच्या समान पूर्वजाची, म्हणजे ज्या प्रतीवरून त्या उतरल्या तिची. चूक एकाच प्रतीत आढळली तर मात्र ती त्या एका शाखेत शिरलेली. पाठभेदांच्या अरण्यातून वाट काढण्यासाठी घडविलेले हे सूत्र चित्रफितीच्या धंद्याला इतके तंतोतंत लागू पडेल, हे त्या पंडितांच्या स्वप्नातही आले नसेल.

अक्षरांच्या नकलेकडून चित्रांच्या नकलेकडे वळताना याच तालुक्यातील औंधाकडे पाहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते, त्यांचे चित्ररामायण १९१६ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यांनी १९३८ साली उभारलेले संग्रहालय यमाईच्या डोंगरावर आजही चित्रांचा ठेवा सांभाळून आहे. त्या काळी घराघरांतील भिंतीवर जी देवादिकांची रंगीत चित्रे आली ती शिळाछापाची. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईस निघाला आणि पुढे मळवलीस गेला. तेथे एका चित्रासाठी प्रत्येक रंगाचा निराळा दगड करावा लागे आणि एकावर एक छाप अचूक बसवावा लागे. दगड केसभर सरकला की लक्ष्मीच्या ओठाचा तांबडा रंग ओठाबाहेर येई. असे चित्र पाहून सामान्य माणूस 'छपाई वाईट' म्हणून मोकळा होई. जाणता मात्र कोणत्या रंगाचा दगड सरकला ते पाही. दोषाला नाव देणे आणि दोषाचा दगड शोधणे यांतले अंतर इतके असते.

चित्रांच्या नकलेची गरज इथे घरोघरी पोचविली ती दुष्काळाने. त्याने या भागाला शेतीत फार काळ स्थिर राहू दिले नाही. खटाव, माण, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातील कुटुंबेच्या कुटुंबे सोन्याचांदीच्या गलाईच्या, म्हणजे आटवून शुद्ध करण्याच्या, धंद्यात शिरली आणि केरळ-तमिळनाडूपासून उत्तर प्रदेशापर्यंत सराफकट्ट्यांच्या आडोशाला भट्ट्या पेटवून बसली. लग्नकार्याला मात्र ही मंडळी मे महिन्यात गावी येत. आणि ज्यांना येणे जमत नसे त्यांच्यासाठी लग्न 'पाठवावे' लागे. प्रथम ते छायाचित्रांच्या अल्बमांतून पाठविले गेले. मग १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी आली, पाठोपाठ व्हिडिओ कॅसेट आली, आणि ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून ग्रामीण महाराष्ट्रात खांद्यावर कॅमेरा आणि मागे प्रखर दिवा धरलेला पोऱ्या हे दृश्य मांडवात भटजींइतकेच अपरिहार्य होऊन बसले.

कॅसेटचा तो काळ आज स्मरणात रम्य वाटत असला तरी चित्राच्या दृष्टीने तो दारिद्र्याचा होता. आपल्याकडील दूरचित्रवाणीचे चित्र ६२५ रेषांचे आणि सेकंदाला २५ चौकटींचे. परंतु १९७६ साली जपानात निघालेल्या व्हीएचएस पद्धतीत आडव्या दिशेने जेमतेम २४० रेषांइतका तपशील टिकत असे आणि रंगांचा तपशील तर त्याहूनही पुष्कळच कमी. त्यातून मूळ चित्रण एका कॅसेटवर, त्यावरून 'मिक्सिंग' करून नावे-गाणी घातलेली मास्टर दुसऱ्या कॅसेटवर, आणि मास्टरवरून मुलीकडची, मुलाकडची व मामाची अशा प्रती. म्हणजे घरी येणारी कॅसेट ही मूळची नात असे. मामाच्या कॅसेटवरून शेजाऱ्याने आणखी एक उतरून घेतली की पणती. प्रत्येक पिढीला कडा पुसट होत, तांबडा रंग शालूबाहेर ओघळे आणि चेहऱ्यावर मुंग्या चालल्यासारख्या दिसत. गलाईवाल्याला हे समजावून सांगण्याची गरज नसे. सोने दर आटणीला थोडे तुटते, मुशीला लागते, धुरात जाते, हे त्याच्या हाताला ठाऊक. आणि मुळात जो कस नाही तो भट्टी आणून देत नाही, हेही ठाऊक. भट्टी मळ काढते, सोने घालीत नाही.

नव्वदीच्या अखेरीस आणि नव्या शतकाच्या आरंभी जेव्हा आकड्यांचे, म्हणजे डिजिटल, तंत्र आले तेव्हा नकलेतील तूट आता इतिहासजमा झाली असा सर्वांचाच समज झाला. आकडा उतरून घेतला तर तो आकडाच राहतो, त्याच्या कडा पुसट कशा होतील, हा युक्तिवाद बिनतोड होता. १९९५ साली निघालेल्या मिनी डीव्ही पद्धतीच्या छोट्या कॅसेटवर ७२० बाय ५७६ बिंदूंचे चित्र सेकंदाला अडीच कोटी बिटांच्या मापाने नोंदले जाई आणि एका तारेने ते जसेच्या तसे संगणकात उतरे. फक्त तासाभराचे चित्रण सुमारे १३ गिगाबाइट जागा खाई, आणि त्या वेळच्या संगणकाची सगळी तबकडी पुष्कळदा ४० गिगाबाइटची असे. म्हणून लग्न एक उतरवावे, जोडावे, पुसावे आणि मग दुसरे उतरवावे, असा क्रम पडला. रात्री 'रेंडर'ला लावून दुकान बंद करावे आणि सकाळी येऊन पाहावे तर भारनियमनात वीज गेलेली, बॅटरी दमलेली आणि काम अर्ध्यावर तुटलेले, हा अनुभव त्या पिढीतील प्रत्येकाच्या गाठी आहे.

रेंडर या शब्दाला मराठीत प्रतिशब्द शोधण्याच्या भानगडीत बाजारपेठ कधी पडली नाही. परंतु अर्थ पाहू गेल्यास ती आटणीच होय. निरनिराळे तुकडे, अक्षरे, गाणी, रंगांचे फेरफार हे सारे एका मुशीत घालून एकजीव लगड काढावयाची. आणि नव्या भट्टीतही तूट होतीच; आकड्यांच्या हिशेबाने ती प्रचंड होती, केवळ तिचे स्वरूप बदलले होते. गिऱ्हाइकाला द्यावयाची व्हीसीडी ही ३५२ बाय २८८ बिंदूंची. म्हणजे बिंदू चौथा हिस्सा, आणि चित्रासाठी सेकंदाला साधारण साडेअकरा लाख बिट, म्हणजे मूळच्या बाविसाव्या हिश्श्याच्या जवळपास. बावीस रुपयांचा संसार एका रुपयात करावयाचा, तो कसा साधला हे पाहण्याजोगे आहे.

बंगळुरात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत अध्यापन करणारे नासिर अहमद यांनी नटराजन व राव या दोघांसह १९७४ साली एक गणिती रूपांतर प्रसिद्ध केले. चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडावयाचे, प्रत्येक चौकोनातील उजेड-अंधाराच्या चढउताराचे संथ आणि द्रुत असे घटक वेगळे करावयाचे, आणि डोळ्याला ज्यांची उणीव फारशी जाणवत नाही ते द्रुत घटक ढोबळ करून वा गाळून जागा वाचवावयाची, हा त्याच्या वापरातला गाभा. व्हीसीडी, डीव्हीडी, मोबाइलमधले छायाचित्र, या सर्वांचा पाया हाच. त्यात दुसरी काटकसर अशी की, प्रत्येक चौकट पुरी लिहावयाचीच नाही. मागच्या चौकटीतला कोणता चौकोन कोठे सरकला एवढेच टिपावयाचे. भटजी स्थिर, आंतरपाट स्थिर, मांडव स्थिर, तोवर ही व्यवस्था राजासारखी चालते.

आणि मग शेवटचे मंगलाष्टक संपून 'सावधान'चा गजर होतो. दोन-तीनशे हात एकाच क्षणी वर जातात, हजारो तांदूळ हवेत उडतात, प्रत्येक दाणा निराळ्या दिशेने, आंतरपाट खाली येतो, हार पुढे होतात, कोणी फुलांच्या पाकळ्या उधळतो आणि छायाचित्रकाराचा दिवा लखलखतो. कुठला चौकोन कुठे सरकला याचा हिशेब यंत्राला लागेनासा होतो. संथ असे काही उरलेलेच नसते. तरतूद मात्र तीच, सेकंदाला साडेअकरा लाख. परिणामी ज्या क्षणासाठी सारा खटाटोप केला त्याच क्षणी वधूवरांच्या चेहऱ्यांच्या जागी खिडक्यांसारखे चौकोन उमटतात आणि अक्षता गढूळ पाण्यासारख्या दिसतात. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या रथावर भाविकांनी लावलेल्या नोटांची रांग, बैलगाड्यांच्या शर्यतीतली धूळ, पालखीवरचा गुलाल, ही सगळी या मुलखाची आवडती दृश्ये आणि हीच सगळी यंत्राच्या दृष्टीने अतिखर्चाची. आमच्या भागाच्या हौशी आणि या तंत्राची काटकसर यांचे हाडवैर आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

अशा वेळी गिऱ्हाइकाची तक्रार ठरलेली. एका दुकानात, नाव सांगण्याचे कारण नाही, बसलेलो असताना ऐकलेला संवाद अजून कानात आहे. म्हातारीने तबकडी काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, "आरं भाऊ, माळ घालताना पोराचं तोंडच दिसंना की!" दुकानदार थोडा अनुभवी होता. त्याने माफी मागितली नाही की हुज्जत घातली नाही. त्याने विचारले, "मावशी, बघितलं कशावर? टीव्हीवर का मोबाइलवर?" मावशी म्हणाली, "दोन्हीवर." तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मग माझ्याकडंच घोळ हाय."

या एका प्रश्नोत्तरात सुखटणकरांचे सूत्र जसेच्या तसे आहे. दोष केवळ एका पडद्यावर दिसता तर तो त्या शाखेचा, म्हणजे पडद्याचा वा त्यावर पाठविताना झालेल्या नकलेचा. दोन्हींवर दिसला म्हणजे तो समान पूर्वजाचा. पुढची पायरी अशी की, जोडणीतले मूळ चित्रण उघडून तोच क्षण पाहावयाचा. तेथे चेहरा स्वच्छ असेल तर दोष आटणीत. तेथेही फाटलेला असेल तर कॅमेऱ्यात, आणि मग कोणतीही भट्टी उपयोगाची नाही. त्या दिवशी मूळ स्वच्छ निघाले. तीन तासांचे लग्न एकाच डीव्हीडीत कोंबलेले होते. ४.७ गिगाबाइटची तबकडी तासाभराच्या चित्रणाला सेकंदाला ऐंशी लाख बिट सुखाने देऊ शकेल, पण तीन तासांना वाटणी केली की जेमतेम चौतीस लाख हाती येतात. दुकानदाराने लग्न दोन तबकड्यांत विभागले आणि वाटणीची पद्धतही बदलली. आधीच्या पद्धतीत दर सेकंदाला सारखी रक्कम मिळे. नव्या पद्धतीत यंत्र प्रथम सगळ्या चित्रणावरून एक फेरी मारून कोठे खर्च जास्त ते टिपते आणि दुसऱ्या फेरीत त्याप्रमाणे वाटप करते. दुष्काळी तालुक्यातील माणसाला हे उमगावयास वेळ लागत नाही. सरसकट वाटप आणि पाहणी करून, आणेवारी काढून केलेले वाटप यांतला भेद त्याने अनुभवलेला असतो.

परंतु सगळेच दोष तरतुदीचे नसतात, आणि येथेच या धंद्याच्या खऱ्या विद्येला आरंभ होतो. प्रत्येक दोषाची मुद्रा निराळी असते आणि ती ओळखता आली की त्याचे ठिकाण सापडते. वरातीत नाचणाऱ्यांच्या हातांना कंगव्यासारखे दाते फुटलेले दिसले तर तो जुन्या दूरचित्रवाणीचा वारसा समजावा. कारण त्या पद्धतीत एक चौकट दोन अर्ध्यांत, सम आणि विषम रेषांत, एकामागून एक टिपली जाई, आणि संगणकाने ती दोन अर्धुके एकत्र दाखविली की मधल्या क्षणात सरकलेला हात दोन ठिकाणी दिसतो. हात दात्यांऐवजी पुढे-मागे थरथरताना दिसला तर अर्धुकांचा क्रम उलटा लागलेला आहे. मिनी डीव्हीत खालचे अर्धुक आधी येते, पुढच्या मोठ्या चित्राच्या कॅमेऱ्यांत वरचे आधी, आणि दोन्ही प्रकारचे चित्रण एका लग्नात मिसळले की कोणाचा तरी क्रम चुकतोच. काळी शेरवानी राखाडी आणि सारे चित्र पिठूळ वाटले तर उजेडाच्या मोजपट्टीत घोळ आहे. दूरचित्रवाणीची पट्टी १६ पासून २३५ पर्यंत, संगणकाची शून्यापासून २५५ पर्यंत, आणि एकीचे माप दुसरीवर वाचले की काळे फिके पडते अथवा उलट सावल्या बुजून जातात. शालूच्या कडेला आणि कुंकवाभोवती तांबूस धूर दिसला तर तो रविवर्म्याचा सरकलेला दगड नव्या अवतारात आला असे समजावे. कारण बहुतेक पद्धतींत उजेड प्रत्येक बिंदूचा टिपतात, पण रंग चार बिंदूंना मिळून एकदाच. मांडवाच्या निळ्या पडद्यावर शेतातल्या बांधांसारखे पट्टे उमटले तर छटांच्या पायऱ्या कमी पडल्या आहेत. मोबाइलवर सेकंदाला ३० चौकटींनी टिपलेला तुकडा २५ चौकटींच्या जोडणीत घातला, तर दर सहावी चौकट गळते आणि चालणारा माणूस सेकंदाला पाच वेळा अडखळतो.

आणि सर्वांत फसवा दोष तो, जो मुळी दोषच नसतो. जोडणीच्या पडद्यावर संगणकाला ओझे होऊ नये म्हणून चित्र अर्ध्या वा चतकोर तपशिलाने दाखविण्याची सोय असते. नवशिका तो अंधुक नमुना पाहून मूळ चित्रणालाच दूषण देतो. उलट मोठ्या चित्रणाऐवजी हलके पर्यायी चित्रण जोडणीला घेऊन, शेवटी मूळ जागेवर परत लावायला विसरणे, हा प्रमाद अनुभवी माणसाच्या हातूनही घडतो. आणि मग अस्सल कपाटात राहते व नकलेचीच नक्कल बाहेर पडते.

२००३ साली एच.२६४ ही नवी संक्षेपपद्धती निश्चित झाली, तिने त्याच तरतुदीत पुष्कळ अधिक चित्र बसवून दाखविले, आणि पुढच्या दशकात डीव्हीडीच्या जागी पेन ड्राइव्ह आला. चित्र १९२० बाय १०८० बिंदूंचे झाले. हा आकडा जुन्या मिनी डीव्हीच्या बिंदूंच्या बरोबर पाचपट आहे. म्हणून जुने चित्रण नव्या मापात 'मोठे' करून मागणाऱ्याला जे मिळते त्यातला पाचांपैकी एकच बिंदू अस्सल, बाकीचे चार यंत्राने शेजारपाजारच्यांवरून अंदाजाने भरलेले. तरीही तक्रार थांबली नाही. तिने केवळ ठिकाण बदलले. आता स्टुडिओतून स्वच्छ निघालेले चित्र कोइमतूरच्या काकांना व्हॉट्सॲपवर जाते, तेथे जाताना पुन्हा दाबले जाते, काका ते आणखी चार गटांत पाठवितात, आणि शेवटी ज्याच्या हाती ते पडते तो स्टुडिओलाच नावे ठेवतो. मामाच्या कॅसेटवरून शेजाऱ्याने उतरलेल्या पणतीची ही नवी पिढी आहे. तीस वर्षांत यंत्रे किती तरी बदलली. नकलेवरून नक्कल काढण्याची आमची सवय बदलली नाही.

या धंद्यातील जाणत्यांनी अनुभवाने एक शिस्त बसविली आहे आणि ती कोणत्याही पुस्तकात वाचून आलेली नाही. जोडणीचे माप मूळ चित्रणाच्या मापाबरहुकूम ठेवावे, गिऱ्हाइकाच्या मागणीबरहुकूम नव्हे. पुरा रेंडर रात्रभर लावण्याआधी सर्वांत कठीण दहा सेकंद, म्हणजे अक्षतांचे, वेगळे काढून पाहावे. प्रथम भरपूर तरतुदीची एक मास्टर काढावी आणि बाकी सर्व प्रती तिच्यावरूनच कराव्यात, एका प्रतीवरून दुसरी कधीही नाही. प्रत हाती देण्यापूर्वी ज्या संगणकावर ती केली त्यावर न पाहता परक्या पडद्यावर पाहावी. हे अखेरचे कलम कचेरीतल्या त्या दुसऱ्या सहीचेच रूप होय. उतरणाऱ्या डोळ्याने आपलीच रुजवात घेऊ नये. पण धंद्याच्या हंगामात, मे महिन्यात, एकाच आठवड्यात पाच-सहा लग्ने हातात असताना पहिली गोष्ट गाळली जाते ती हीच. प्रतीवर स्टुडिओचे नाव ठळक अक्षरांत, रंगीत फुलांच्या नक्षीत छापलेले असते. रुजवात घेणाराच्या सहीला जागा नसते.

अलीकडे या दुकानांत एक नवे काम येऊ लागले आहे. घर बांधताना वा माळ्यावरची अडगळ काढताना तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची कॅसेट सापडते, आणि तिच्यात आजोबा हिंडताना दिसतील या आशेने घरचे तरुण ती घेऊन येतात. कॅसेट वाजविणारे यंत्र बनविणारा जगातील अखेरचा कारखानाही २०१६ साली थांबला. तेव्हा चालू स्थितीतले यंत्र ज्याच्याकडे आहे तो दुकानदार आता मोठ्या मिजाशीत असतो. फीत बुरशीने पांढुरकी झालेली असते, चित्राच्या तळाशी फाटका पट्टा थरथरत असतो, आणि तरुणाची मागणी असते की हे 'एचडी' करून द्या. नव्या यंत्रांना अंदाजाने चेहरे भरता येतात, आणि ते चेहरे सुबकही येतात. मात्र ते आजोबांचेच असतील याची हमी यंत्र देत नाही. आजोबांच्या गालावरचा व्रण फितीत पुसट झाला असेल तर यंत्र त्या जागी गुळगुळीत कातडी घालील, आणि पाहणाऱ्या नातवाला त्यात काही खटकणारही नाही.

म्हणूनच चांगला दुकानदार कॅसेट हातात घेतल्याबरोबर तिच्यावरची चिठ्ठी वाचतो. बहुधा तिच्यावर निळ्या शाईने 'कॉपी' असे लिहिलेले असते. मग तो यंत्राकडे न वळता तरुणाकडे पाहून विचारतो, "मास्टर कुणाकडं हाय?" वडुजाच्या कचेरीत शतकाहून अधिक काळ, पिवळ्या पडलेल्या कागदाची नक्कल पुढे धरणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला कारकुनाने मान वर न करता विचारलेला प्रश्न हाच होता, शब्द तेवढा निराळा. तो अस्सल म्हणे.